रस्त्याचा वेग आणि वार्धक्याची चाल

मधुमेह असो, रक्तदाब असो की गुडघेदुखी, ज्येष्ठांना मिळणाऱ्या सल्ल्यांमध्ये एक वाक्य हमखास असते : रोज अर्धा तास चाला. या औषधाला पैसे पडत नाहीत आणि बेताने घेतले तर त्याचा त्रासही सहसा होत नाही. मात्र हे औषध घ्यायचे कोठे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. घराबाहेर पडताच जो रस्ता लागतो तो ओलांडण्याची धास्ती वाटू लागली की आधी बाजारात जाणे सुटते, मग देवळात जाणे सुटते आणि शेवटी समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीकडे जाणेही सुटते. घरातली मंडळी म्हणतात, ‘वय झाले, आता बाहेर पडायला नको वाटते त्यांना.’ प्रत्यक्षात पुष्कळदा ते वयाने घडलेले नसते, रस्त्याने घडवलेले असते.

चालणे थांबले की पायांतील बळ ओसरते, तोल बिघडतो, रक्तातील साखर चढते, झोप उडते आणि एकटेपणा वाढतो. म्हणून वाहनांचा वेग हा केवळ वाहतूक पोलिसांचा विषय राहत नाही. रक्तदाब वा साखर यांच्याइतकाच तो आपल्या आरोग्याचा विषय आहे. या वेळी आपण त्याच अंगाने त्याचा विचार करू.

माहुलचे उदाहरण

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील चेंबूरलगतचे माहुल हे मूळचे खाडीकाठचे कोळी-आगरी वस्तीचे गाव. १९५० च्या दशकाच्या मध्यास येथे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पुढे शेजारी खतांचा कारखाना आला आणि गावाचा रस्ता उद्योगाचा रस्ता झाला. अलीकडच्या काळात प्रकल्पबाधितांसाठी येथे ७२ इमारतींची वसाहत बांधण्यात आली. तिच्यात १७ हजारांहून अधिक सदनिका आहेत. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे हटवल्यावर २०१७ पासून अनेक कुटुंबांना येथे पाठवण्यात आले. माहुलच्या हवेविषयी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निकाल दिला, नंतर उच्च न्यायालयातही तो विषय गाजला आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. ते सर्व महत्त्वाचेच आहे. परंतु त्याच वसाहतीतल्या आजी-आजोबांना दूध आणायला, बस पकडायला, दवाखान्यात जायला ज्या रस्त्यावर पाऊल टाकावे लागते, त्या रस्त्याविषयी तितकेसे बोलले गेले नाही.

या भागात तेलाचे टँकर ही रोजची गोष्ट आहे. टँकर दोन प्रकारे धोका निर्माण करतो. चालता टँकर जड असतो, त्यामुळे थांबण्यासाठी त्याला मोटारीपेक्षा अधिक अंतर लागते. शिवाय चालक उंचावर बसलेला असल्याने अगदी समोरून वा डाव्या अंगाने जाणारी कमी उंचीची व्यक्ती त्याला दिसत नाही. रस्त्याच्या कडेला उभा असलेला टँकर दुसऱ्या प्रकारे घात करतो. तो भिंतीसारखा आड येतो. त्याच्यामागून पुढे आलेला माणूस वाहनचालकाला अखेरच्या क्षणी दिसतो आणि माणसालाही वाहन तेव्हाच दिसते.

आणखी एक कारण डोळ्यांना दिसत नाही. मुंबईचा पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि तो याच परिसराजवळून पुढे जातो. हा मार्ग वेगासाठीच बांधलेला आहे. तेथे पादचारी नाहीत, सिग्नल नाहीत, त्यामुळे तेथल्या वेगाला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु बराच वेळ वेगात वाहन चालवल्यानंतर माणसाला आपला वेग असतो त्यापेक्षा कमी वाटू लागतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. मोठ्या मार्गावरून उतरून वस्तीच्या रस्त्याला लागलेल्या चालकाला वाटते, आपण अगदी सावकाश चाललो आहोत. काटा मात्र पन्नास दाखवत असतो. त्याच्या मनात दुष्टपणा नसतो, त्याच्या इंद्रियांना वेगाची सवय झालेली असते. म्हणून वस्तीच्या उंबरठ्यावर त्याला जागे करणारी काही खूण, काही अडसर, काही बदल रस्त्यातच असावा लागतो.

वेगाचे साधे गणित

ताशी ३० आणि ताशी ५० किलोमीटर या दोन वेगांत आपल्याला फारसा फरक वाटत नाही. शरीराला मात्र तो फार मोठा असतो.

समजा, समोर अचानक एक आजोबा आले. ते पाहून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरांत थांबते. म्हणजे कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर एकूण १३ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार त्याच एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली मोटार जेथे पूर्ण थांबली, तेथे दुसरीच्या चालकाने ब्रेकला नुकताच स्पर्श केलेला असतो. ती थांबेपर्यंत एकूण सुमारे २८ मीटर जातात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते.

आघाताची तीव्रता समजण्यासाठी उंचीवरून पडण्याचे उदाहरण घ्या. ताशी ३० किलोमीटरचा वेग म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, साधारण पहिल्या मजल्यावरून पडताना जमिनीवर आपटण्याचा वेग. ताशी ५० म्हणजे सुमारे दहा मीटर, अर्थात तिसरा मजला. ताशी ६० म्हणजे चौदा मीटर, म्हणजे चौथ्या मजल्याच्याही वर. पहिल्या मजल्यावरून पडणेही धोक्याचेच आहे, पण त्यातून वाचण्याची आशा असते. तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर ती किती उरते, हे सांगायला नको. त्यातही ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांच्यासाठी हे गणित तरुणांपेक्षा अधिक निष्ठुर ठरते. ज्या धक्क्यातून पंचविशीचा तरुण खरचटून उठतो, त्याच धक्क्याने सत्तरीतल्या व्यक्तीचे खुब्याचे हाड मोडू शकते. खुब्याचे हाड मोडल्यानंतर पुन्हा पूर्वीसारखे स्वतंत्रपणे चालणे अनेकांना जमत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की वाहनांच्या सरासरी वेगात १ टक्का वाढ झाली, तर प्राणघातक अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. मोटारीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला की साडेचार पट होतो. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे ३३ हजार पायी चालणारी होती. केंद्र सरकारच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाशी निगडित होते.

वयोमानाने काय बदलते

‘नीट बघून ओलांडा’ असे आपण ज्येष्ठांना सांगतो. त्यांनी नीट पाहिले तरी काही गोष्टी त्यांच्या हाती नसतात. त्या समजून घेणे काळजीवाहू मंडळींना विशेष उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट चालीची. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे सर्वसाधारणपणे गृहीत धरतात. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील लोकांच्या चालीचा अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत ८४ टक्के पुरुष आणि ९४ टक्के स्त्रिया या गतीपेक्षा हळू चालत असल्याचे आढळले. म्हणजे दिवा ज्यांच्यासाठी हिरवा होतो, त्यांत बहुसंख्य ज्येष्ठ धरलेलेच नसतात. बारा मीटर रुंदीचा रस्ता या गृहीत गतीने दहा सेकंदांत पार होतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना पंधरा सेकंद लागतात.

आता हे पंधरा सेकंद वाहनाच्या बाजूने पाहा. सिग्नल नसलेल्या रस्त्यावर मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने येत असेल, तर आजींनी पाऊल उचलताना ती निदान २०८ मीटर दूर असायला हवी. वेग ताशी ३० असेल तर १२५ मीटर पुरतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना दोनशे मीटरांवरचे वाहन नीट दिसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरी गोष्ट अंदाजाची. वाढत्या वयात येणाऱ्या वाहनाचा वेग पारखणे कठीण जाते आणि मन अंतरावर अधिक विसंबते, असे अभ्यासकांना आढळले आहे. ‘गाडी लांब आहे’ एवढे दिसते, ‘गाडी वेगात आहे’ हे उमगत नाही. सर्व वाहने संथ असतील तर केवळ अंतर पाहूनही निर्णय बरोबर येतो. कोणी पंचवीसने आणि कोणी साठने येत असेल, तर तोच निर्णय प्राणाशी गाठ घालतो.

तिसरी गोष्ट मान, पाय आणि औषधे यांची. मानेच्या मणक्यांची झीज झाली असेल तर दोन्ही बाजूंना चटकन वळून पाहता येत नाही. तोल जाण्याची भीती असेल तर नजर सतत पायांखाली, खड्ड्यांवर आणि उखडलेल्या लाद्यांवर राहते. रक्तदाबाच्या काही औषधांनी उठताना वा चालू लागताना चक्कर येते. झोपेच्या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. ऐकू कमी येत असेल तर मागून येणारी विजेवर चालणारी मोटार कळतच नाही.

या यादीतील काही गोष्टींवर उपचार आहेत, काहींवर नाहीत. वाहनांचा वेग कमी केला तर मात्र या साऱ्या उणिवांना एकाच वेळी सांभाळून घेता येते. म्हणून हा उपाय अधिक मोलाचा आहे.

केवळ फलक पुरेसा नाही

केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ मधील अधिसूचनेनुसार पालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर, दुचाकी आणि मालवाहू वाहनांसाठी ६० आणि तीनचाकींसाठी ५० अशी आहे. ही वरची सीमा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या भागात वा रस्त्यावर याहून कमी मर्यादा लावू शकते. अर्थात वस्तीच्या रस्त्यावर ताशी ३० ची मर्यादा लावण्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही, इच्छा हवी.

परंतु रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर ‘३०’ असा फलक लावला तर तो पाळला जाईलच असे नाही. फलक एक सांगतो आणि रस्ता दुसरेच सुचवतो, अशा वेळी चालक रस्त्याचे ऐकतो. म्हणून वेग कमी करण्याचे काम रस्त्याच्या रचनेनेच करावे लागते. त्याचे काही प्रकार असे आहेत.

उंचावलेला पादचारी मार्ग : झेब्रा पट्ट्यांचा भाग पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून सपाट ठेवायचा. चालणाऱ्याला पायरी उतरावी वा चढावी लागत नाही, चाकांची खुर्ची आणि काठी सहज जाते. वाहनाला मात्र तेथे वेग कमी करूनच चढावे लागते. ज्येष्ठांच्या दृष्टीने हा सर्वांत उपकारक प्रकार म्हणावा लागेल.

मध्यभागी थांबण्याची जागा : रुंद रस्त्याच्या मधोमध सुरक्षित चौथरा असेल, तर एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात. बारा मीटरांचा रस्ता सहा-सहा मीटरांच्या दोन टप्प्यांत विभागला जातो आणि मध्ये श्वास घेता येतो.

कोपऱ्यावरचा पदपथ पुढे आणणे : नाक्यावर पदपथ थोडा रुंद केला की ओलांडायचे अंतर घटते, वळणारे वाहन आपोआप सावकाश वळते आणि उभ्या टँकरच्या आडून डोकावण्याची वेळ येत नाही.

वस्तीचे प्रवेशद्वार : मोठ्या रस्त्यावरून वस्तीत शिरताना रस्ता किंचित अरुंद करणे, फरशीचा पोत वा रंग बदलणे, कडेला झाडे व खांब लावणे. येथून पुढे माणसे राहतात, हे चालकाला न वाचता कळते. माहुलसारख्या ठिकाणी याची सर्वाधिक गरज आहे.

आपल्याकडे मात्र वेग कमी करणे म्हणजे गतिरोधक, एवढेच समीकरण रूढ झाले आहे. त्यातही रातोरात घातलेले अरुंद, टोकदार उंचवटे अधिक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असे सांगितले आहे. एवढा रुंद उंचवटा वाहनाला हळुवारपणे वर उचलून खाली ठेवतो. याउलट अरुंद उंचवट्यावर रिक्षा वा बस आपटते आणि मागच्या आसनावर बसलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीचा मणका त्या एका धक्क्याने दबू शकतो. रुग्णवाहिकेतील रुग्णाचे हालही निराळेच. म्हणून ‘आमच्या रस्त्यावर गतिरोधक घाला’ अशी मागणी करताना ‘नियमानुसार रुंदीचा, पट्टे रंगवलेला आणि आधी सूचनाफलक असलेला’ हे शब्द जोडायला विसरू नये.

इतरत्र काय घडले

ऑस्ट्रियातील ग्रात्स शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळता सर्वत्र ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लावली. २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने पादचारी, सायकलस्वार आणि वाहने जेथे एकत्र येतात तेथे हीच मर्यादा असावी असे जाहीर केले. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे निम्म्याहून अधिक रस्त्यांवर आज ताशी ३० ची मर्यादा आहे. त्या शहरात २०१९ मध्ये एकाही पादचाऱ्याचा अपघाती मृत्यू झाला नाही आणि जुलै २०२५ मध्ये संपलेल्या एका वर्षात तर रस्ते अपघातात कोणीच दगावले नाही. हे यश एका फलकाचे नाही. अरुंद केलेले रस्ते, चांगले पदपथ, कॅमेरे आणि उत्तम सार्वजनिक वाहतूक यांची ती अनेक वर्षांची कमाई आहे. वेल्सने २०२३ मध्ये वस्तीच्या रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ही मर्यादा लावली, तेव्हा मोठा विरोध झाला आणि काही रस्त्यांवर जुनी मर्यादा परत आणावी लागली. कोणता रस्ता वस्तीचा आणि कोणता दळणवळणाचा, हे लोकांशी बोलून ठरवावे लागते, हा त्यातील धडा.

आपल्या राज्यातही सुरुवात झालेली आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळेपुढे सुरक्षित क्षेत्राचा प्रयोग झाला, मालाडच्या मीठ चौकीची पुनर्रचना झाली. अशा प्रयोगांत आधी रंग, शंकू, तात्पुरते खांब एवढ्याच साहित्याने नवी रचना आखून पाहता येते. ती उपयोगी ठरली तर मग सिमेंट वापरायचे. खर्च कमी आणि चूक सुधारण्यास वाव असल्याने ही पद्धत आपल्या वॉर्डासाठीही मागता येण्याजोगी आहे. शाळेपुढे मुलांसाठी जे योग्य ठरते, ते दवाखान्यापुढे आणि ज्येष्ठांच्या कट्ट्यापुढेही योग्यच ठरते.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे पदपथ मिळणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ज्या याचिकेत हे झाले ती २०१२ मध्ये कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी केली होती. मोडलेली हाडे जोडणाऱ्या डॉक्टरला ती मुळातच मोडू नयेत यासाठी न्यायालयात जावेसे वाटले, यातच या विषयाचे आरोग्याशी असलेले नाते दिसते.

उशीर होईल, त्याचे काय?

हा आक्षेप घरातूनच येतो, कारण वाहन चालवणारेही आपलेच मुलगे आणि सुना असतात. त्यांना आकडा दाखवावा. वस्तीतील दोन किलोमीटरचे अंतर कोठेही न थांबता ताशी ५० ने गेले तर २ मिनिटे २४ सेकंद लागतात, ताशी ३० ने गेले तर ४ मिनिटे. फरक सुमारे दीड मिनिटाचा. मुंबईच्या रस्त्यावर सिग्नल आणि गर्दी धरली तर तोही उरत नाही, कारण वेगाने पुढे गेलेले वाहन बहुधा पुढच्याच सिग्नलला उभे असलेले दिसते. मोठ्या मार्गांवरचा वेग कमी करा, अशी मागणी येथे नाही. घराच्या दारातले शेवटचे एक-दोन किलोमीटर संथ असावेत, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या हाती काय आहे

रस्ता बदलेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून काही पथ्ये पाळावीत. ओलांडण्यासाठी ठरावीक जागा निवडावी आणि थोडा फेरा पडला तरी तेथूनच जावे. सिग्नल आधीच हिरवा असेल तर तो संपू द्यावा आणि पुढचा हिरवा होताच निघावे, म्हणजे पूर्ण वेळ मिळतो. उभ्या बसच्या वा टँकरच्या अगदी पुढून कधीही जाऊ नये. संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घालावेत. वर्षातून एकदा डोळे व कान तपासावेत. नवे औषध सुरू झाले असेल तर चक्कर येते का, हे दोन-तीन दिवस घरातच पाहावे आणि तशी येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. सोबत करणाऱ्याने ज्या बाजूने वाहने येतात त्या बाजूला राहावे. हात ओढू नये, आपला हात धरायला द्यावा, म्हणजे ज्येष्ठांची गती आपल्याला कळते.

दुसरे काम सामूहिक आहे. एखाद्या सकाळी नातवंडाच्या हाती घड्याळ देऊन आपल्या दारातला रस्ता ओलांडायला नेमके किती सेकंद लागतात ते मोजा. मग दहा मिनिटे कडेला उभे राहून तेवढा वेळ मोकळा रस्ता किती वेळा मिळाला, याची नोंद करा. तपासणीच्या अहवालाप्रमाणे हा आपल्या रस्त्याचा अहवाल समजा. ‘वाहने फार वेगात जातात’ या तक्रारीपेक्षा ‘आम्हाला पंधरा सेकंद लागतात आणि दहा मिनिटांत तेवढी मोकळीक दोनदाच मिळाली’ हे वाक्य अधिकाऱ्याला अधिक काही सांगते. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सह्यांनिशी ते पत्र विभाग कार्यालयाला आणि वाहतूक पोलीस चौकीला द्या. एकाच जागेसाठी एकच नेमकी मागणी करा : उंचावलेला पादचारी मार्ग, मध्यभागी चौथरा, दिव्याचा खांब, की नाक्यावर उभ्या राहणाऱ्या जड वाहनांना मनाई. पोच घ्यायला विसरू नका.

अपघात घडलाच तर

खुब्याला वा मानेला मार लागल्याची शंका असेल तर व्यक्तीला ओढून बसवू नये. रस्त्यावर आणखी धोका नसेल तर आहे तेथेच स्थिर ठेवून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ११२ या क्रमांकावरही मदत मिळते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरवर काही दिसत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. ज्येष्ठांमध्ये मेंदूभोवती हळूहळू रक्त साठण्याची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात घोळ, चालताना एका बाजूला झोल जाणे ही त्याची चिन्हे. म्हणून नाव, घरचा दूरध्वनी, आजार आणि चालू औषधे लिहिलेले छोटे कार्ड खिशात वा पिशवीत कायम असू द्यावे.

मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातग्रस्तांना नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. जखमीला मदत करणाऱ्या व्यक्तीलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण पुढे येत नाहीत, तेव्हा ही माहिती आपल्या इमारतीच्या फलकावर लावावी. वृद्धांच्या अन्य अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

शेवटी एक गोष्ट काळजीवाहू मंडळींसाठी. आई वा वडील बाहेर पडायला नको म्हणू लागले, तर लगेच त्यांच्या वयाला बोल लावू नका. एकदा त्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच चालीने तो रस्ता ओलांडून पाहा. कोठे पाऊल अडते, कोठे छातीत धडधडते, कोठे ते तुमचा दंड घट्ट धरतात, हे लक्षात ठेवा. रस्त्याची दुरुस्ती नेमकी कोठून सुरू व्हायला हवी, ते तेथेच कळेल.